नेटवर्क स्विचला आयपी पत्ता आणि डिफॉल्ट गेटवे कसा द्यावा?

शाळा, दवाखाना, पंचायत समिती किंवा तहसील कार्यालय, कुठेही पाच-दहा संगणक एकमेकांना जोडायचे असले की मध्ये स्विच लागतो. स्विच पेटीतून काढला, वीज दिली, केबल खोचल्या की तो लगेच काम करू लागतो. त्यामुळे त्याला स्वतःचा आयपी पत्ता आणि डिफॉल्ट गेटवे द्यायचा असतो, हे बऱ्याच ठिकाणी राहून जाते. अडचण कळते ती पुढे, स्विचमध्ये काही बदल करायचा असतो आणि दुरुस्ती करणारा माणूस शंभर किलोमीटरवर असतो तेव्हा. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या डोंगरी तालुक्यांचा विचार केला, तर या दोन ओळींच्या सेटिंगचे महत्त्व नीट लक्षात येते.

स्विच काय करतो?

नेटवर्कला जोडलेल्या प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक क्रमांक मिळालेला असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात आणि तो ४८ बिटांचा असतो. कोणता मॅक पत्ता आपल्या कोणत्या पोर्टवर आहे, याची नोंद स्विच स्वतःच करत जातो. माहितीचा तुकडा आला की त्यावरचा मॅक पत्ता बघायचा आणि तो त्या पोर्टवर सोडायचा, एवढेच त्याचे मूळ काम. या कामात आयपी पत्ता कुठेच येत नाही. म्हणून स्विचला एकही आयपी पत्ता दिला नाही, तरी त्याला जोडलेल्या संगणकांचे इंटरनेट, प्रिंटर आणि फाइलींची देवाणघेवाण व्यवस्थित चालते.

बाजारात स्विच मुख्यतः दोन प्रकारचे मिळतात. अनमॅनेज्ड स्विचमध्ये कोणतेच सेटिंग नसते आणि त्याला आयपी पत्ता देताही येत नाही. मॅनेज्ड स्विचमध्ये पोर्ट बंद-चालू करणे, नेटवर्कचे वेगळे भाग पाडणे, कोणत्या पोर्टवर किती वाहतूक आहे ते पाहणे, अशी कामे करता येतात. पुढील माहिती या दुसऱ्या प्रकारच्या स्विचसाठी आहे.

मग पत्ता कशासाठी?

स्विचचा आयपी पत्ता हा स्विचपर्यंत पोहोचण्यासाठी असतो. नेटवर्क सांभाळणारी व्यक्ती आपल्या संगणकावरून या पत्त्यावर जाते, पासवर्ड देते आणि सेटिंग बघते किंवा बदलते. पत्ता नसेल, तर स्विचपाशी जाऊन, कन्सोल केबल लॅपटॉपला जोडूनच काम करावे लागते.

एकाच इमारतीत बसून काम करायचे असेल, तर नुसता आयपी पत्ता पुरतो. दुसऱ्या गावातून काम करायचे असेल, तर डिफॉल्ट गेटवेही लागतो.

जव्हार-मोखाड्यात हे महत्त्वाचे का?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. जिल्ह्याचे मुख्यालय किनाऱ्याच्या बाजूला, रेल्वेमार्गावर आहे, तर जव्हार आणि मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या अंगाला, नाशिकच्या हद्दीकडे आहेत. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. पालघरहून मनोर, विक्रमगडमार्गे जव्हारला जायला साधारण ७५ किलोमीटर पडतात आणि तिथून मोखाडा आणखी वीस-पंचवीस किलोमीटर. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणाहून मोखाड्याला जाऊन परत यायचे, तर जवळपास दोनशे किलोमीटरचा प्रवास होतो. तोही घाटाचा, आणि पावसाळ्यात धुके व दरडींचा.

या तालुक्यांत तहसील कार्यालये, पंचायत समित्या, रुग्णालये, प्राथमिक आरोग्य केंद्रे, आश्रमशाळा आणि ग्रामपंचायती पाड्यापाड्यांत विखुरलेल्या आहेत. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मान्यता दिली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली आणि राज्यात तिच्या दुसऱ्या टप्प्याचे काम महानेट या नावाने हाती घेण्यात आले. फायबर गावापर्यंत आली, तरी इमारतीच्या आत ती जोडणी टेबलाटेबलापर्यंत पोहोचवतो तो स्विचच. एक पोर्ट चुकून बंद झाला आणि स्विच दुरून उघडत नसला, तर दोन मिनिटांच्या कामासाठी माणसाला अख्खा दिवस घालवावा लागतो. माणूस येईपर्यंत दाखल्यांचे किंवा केसपेपरचे काम अडून राहते.

पत्ता, मास्क आणि गेटवे

स्विचला तीन गोष्टी सांगाव्या लागतात. त्या समजून घ्यायला गावाचे उदाहरण सोपे पडते.

आयपी पत्ता: हा गावातल्या घराचा पत्ता. सध्या सर्वाधिक वापरात असलेला आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो आणि चार आकड्यांत लिहिला जातो, उदाहरणार्थ १९२.१६८.९९.२. प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या दरम्यान असतो.

सबनेट मास्क: ही गावाची शीव. पत्त्याचा किती भाग गावाचा आणि किती घराचा, हे मास्कवरून कळते. २५५.२५५.२५५.० या मास्कचा अर्थ पहिले तीन आकडे गावाचे आणि शेवटचा घराचा. म्हणून १९२.१६८.९९.२ आणि १९२.१६८.९९.५० हे एकाच गावचे, तर १९२.१६८.१०.२५ हा दुसऱ्या गावचा. या मास्कमध्ये यंत्रांना देता येतील असे २५४ पत्ते मिळतात.

डिफॉल्ट गेटवे: ही गावाची वेस. शिवेबाहेरचा पत्ता असेल, तर माहिती या वेशीकडे सोपवायची आणि पुढची वाट तिने बघायची. वेशीवर सहसा राउटर असतो. वेस गावातच असावी लागते, म्हणून गेटवेचा पत्ता स्विचच्याच सबनेटमधला हवा. वरील उदाहरणात तो १९२.१६८.९९.१ असेल.

कार्यालयांच्या आतल्या जाळ्यात खासगी पत्ते वापरतात. १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे, असे तीन गट त्यासाठी राखून ठेवले आहेत. हे पत्ते उघड्या इंटरनेटवर चालत नाहीत. त्यामुळे पालघरहून मोखाड्याचा खासगी पत्ता उघडायचा असेल, तर दोन्ही ठिकाणे एका अंतर्गत नेटवर्कने किंवा व्हीपीएनने जोडलेली असावी लागतात.

गेटवे नसला तर नेमके काय बिघडते?

समजा, मोखाडा तालुक्यातील एका आश्रमशाळेतल्या स्विचचा पत्ता १९२.१६८.९९.२ आहे आणि पालघरमध्ये बसलेल्या तंत्रज्ञाच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.२५ आहे. स्विचला पत्ता आणि मास्क दिला आहे, गेटवे मात्र दिलेला नाही.

तंत्रज्ञाने स्विच उघडायचा प्रयत्न केला की त्याची विनंती पालघरच्या राउटरवरून शाळेच्या राउटरपर्यंत येते आणि तिथून स्विचपर्यंत पोहोचतेही. स्विच उत्तर तयार करतो. उत्तर १९२.१६८.१०.२५ ला पाठवायचे आहे आणि हा पत्ता शिवेबाहेरचा आहे. वेस कुठे आहे ते स्विचला ठाऊक नाही, म्हणून उत्तर तिथेच राहते. पालघरच्या पडद्यावर फक्त ‘प्रतिसाद नाही’ असे दिसते.

त्याच वेळी शाळेतल्या मुलांचे संगणक मात्र व्यवस्थित चालू असतात, कारण प्रत्येक संगणकाला स्वतःचा गेटवे वेगळा दिलेला असतो. ते स्विचचा गेटवे वापरत नाहीत. शाळेतल्याच संगणकावरून स्विचही उघडतो, फक्त तो संगणक स्विचच्याच सबनेटमध्ये हवा. त्यामुळे बसवणाऱ्याने जागेवरच तपासणी केली, तर सगळे बरोबर आहे असे वाटते आणि चूक दिसतच नाही.

कधीकधी गेटवे न देताही दुरून स्विच उघडतो. काही राउटर बाहेरच्या पत्त्यांसाठी स्वतःहून ‘मी पोहोचवतो’ असे उत्तर देतात. याला प्रॉक्सी एआरपी म्हणतात. पुढे राउटर बदलला किंवा ही सोय बंद केली की स्विच अचानक दिसेनासा होतो. म्हणून ‘चालतंय ना’ म्हणून गेटवेची ओळ सोडून देऊ नये.

सुरू करण्यापूर्वी

आधी पुढील गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात:

१. स्विचला द्यायचा आयपी पत्ता. तो दुसऱ्या कोणत्याही यंत्राला दिलेला नसावा आणि आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीच्या यादीतही नसावा.
२. सबनेट मास्क. राउटरवर जो आहे तोच हवा.
३. गेटवे, म्हणजे त्याच सबनेटमधला राउटरचा पत्ता.
४. व्हीलॅनचा क्रमांक. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचचे पाडलेले वेगवेगळे कप्पे. नव्या स्विचमध्ये सहसा सगळे पोर्ट व्हीलॅन १ मध्ये असतात. देखभालीसाठी वेगळा कप्पा ठेवणे चांगले. पुढील उदाहरणात तो ९९ धरला आहे.
५. राउटरकडे जाणारी केबल कोणत्या पोर्टवर आहे ते.

कमांडने सेटिंग करण्याची पद्धत

सिस्कोच्या स्विचवर पहिल्यांदा काम करताना कन्सोल केबल लॅपटॉपला जोडून टर्मिनल प्रोग्राम उघडतात. वेग ९६०० ठेवतात. पुढील कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत. स्विचवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि आकडेही इंग्रजीत टाइप करायचे असतात.

एनेबल
कॉन्फिगर टर्मिनल
व्हीलॅन ९९
एक्झिट
इंटरफेस व्हीलॅन ९९
आयपी ॲड्रेस १९२.१६८.९९.२ २५५.२५५.२५५.०
नो शटडाउन
एक्झिट
आयपी डिफॉल्ट-गेटवे १९२.१६८.९९.१
एंड
कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग

पहिल्या दोन ओळींनी सेटिंग बदलण्याची परवानगी मिळते. पुढे कप्पा ९९ तयार होतो आणि त्या कप्प्यात स्विचला पत्ता मिळतो. इथे पत्ता एखाद्या पोर्टला दिलेला नसून त्या कप्प्यातल्या एका काल्पनिक जोडणीला दिलेला आहे, हे लक्षात घ्यावे. ‘नो शटडाउन’ने ती जोडणी चालू होते. गेटवेची ओळ मात्र कोणत्याही इंटरफेसच्या आत नसते. ती संपूर्ण स्विचसाठी एकदाच द्यायची असते.

शेवटची ओळ विसरू नये. तोवर केलेले सगळे बदल स्विचच्या चालू स्मृतीत असतात आणि वीज गेली की पुसले जातात. पावसाळ्यात वीज वारंवार जाते अशा भागात ही ओळ राहिली, तर दुपारी केलेले काम संध्याकाळी नाहीसे झालेले असते.

राउटरकडे जाणारा पोर्टही व्हीलॅन ९९ मध्ये असायला हवा, किंवा अनेक कप्प्यांची वाहतूक नेणारा ट्रंक पोर्ट असेल, तर त्यात ९९ ला परवानगी हवी. राउटरवरही या कप्प्यासाठी १९२.१६८.९९.१ हा पत्ता दिलेला असला पाहिजे.

वेब पानावरून सेटिंग

लहान कार्यालयांत ब्राउझरमधून चालणारे स्वस्त स्विच जास्त दिसतात. त्यांना कारखान्यातून एक ठरलेला पत्ता दिलेला असतो. डी-लिंकच्या अनेक स्विचचा तो १०.९०.९०.९० असतो आणि टीपी-लिंकच्या अनेक स्विचचा १९२.१६८.०.१. लॅपटॉपला तात्पुरता त्याच सबनेटमधला पत्ता देऊन, ब्राउझरमध्ये स्विचचा पत्ता टाकला की सेटिंगचे पान उघडते. तिथे आयपी, मास्क आणि गेटवे अशा तीन चौकटी असतात. त्या भरून आधी ‘अप्लाय’ आणि मग ‘सेव्ह’ करावे लागते. बऱ्याच स्विचमध्ये ही दोन वेगळी बटणे असतात.

एकाच कंपनीचे दोन नवे स्विच एकदम जोडू नयेत. दोघांचा पत्ता एकच असल्याने गोंधळ होतो. १९२.१६८.०.१ हा पत्ता अनेक घरगुती राउटरचाही असतो, तेव्हा नवा स्विच जोडताच अख्ख्या कार्यालयाचे इंटरनेट अडखळू शकते. एकेक स्विच सुटा ठेवून, पत्ता बदलून, मगच नेटवर्कला जोडावा.

तपासणी कशी करावी?

‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ या कमांडने व्हीलॅन ९९ समोर पत्ता आणि दोन ठिकाणी ‘अप’ दिसले पाहिजे. त्या कप्प्यातला एकही पोर्ट चालू नसेल, तर पत्ता बरोबर असूनही ‘डाउन’ दिसते.

मग स्विचवरून गेटवेला पिंग करावे. पाचपैकी पहिल्या प्रयत्नाला ठिपका आणि पुढच्या चारांना उद्गारचिन्ह आले, तर घाबरण्याचे कारण नाही. पहिल्या वेळी स्विचला गेटवेचा मॅक पत्ता शोधावा लागतो.

खरी तपासणी यानंतरची. पालघरच्या किंवा दुसऱ्या सबनेटमधल्या व्यक्तीला फोन करून तिच्या संगणकावरून स्विच उघडायला सांगावे. विंडोजचे फायरवॉल अनेकदा पिंगला उत्तर देत नाही, म्हणून स्विचवरून त्या संगणकाला केलेल्या पिंगवर विसंबू नये. शेवटी सेटिंग जतन करून स्विच एकदा बंद-चालू करावा आणि पुन्हा दुरून उघडून बघावा. हे झाल्याशिवाय जागा सोडू नये.

नेहमी होणाऱ्या चुका

मास्क चुकणे. वरच्या उदाहरणात २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.०.० लिहिले, तर १९२.१६८.१०.२५ हा पालघरचा पत्ताही स्विचला शिवेच्या आतला वाटतो. तो उत्तर गेटवेकडे न देता गावातच शोधत बसतो. गेटवे बरोबर असूनही संपर्क होत नाही.

गेटवे दुसऱ्या सबनेटचा देणे. संगणकांचा गेटवे बघून तोच स्विचला दिला जातो. स्विच वेगळ्या सबनेटमध्ये असेल, तर तो उपयोगी पडत नाही.

लेयर ३ स्विचवर चुकीची ओळ देणे. काही मोठे स्विच राउटरचेही काम करतात. त्यांवर ‘आयपी राउटिंग’ चालू असेल, तर ‘आयपी डिफॉल्ट-गेटवे’ ही ओळ लागू होत नाही. तिथे ‘आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० १९२.१६८.९९.१’ अशी ओळ द्यावी लागते.

परतीची वाट नसणे. पालघरच्या राउटरला १९२.१६८.९९ हे सबनेट कोणत्या दिशेला आहे ते माहीत नसेल, तर स्विचवर काहीही केले तरी उपयोग नाही. अशा वेळी दोष राउटरमध्ये असतो.

दुरून पत्ता बदलायचा असेल तर

चालू जोडणीवरून स्विचचा पत्ता किंवा गेटवे बदलणे म्हणजे बसलेली फांदी तोडण्यासारखे आहे. आकडा चुकला की संपर्क तुटतो. सिस्कोच्या स्विचवर त्यासाठी एक सोय आहे. आधीचे सेटिंग जतन करून ‘रीलोड इन १०’ अशी कमांड द्यायची. त्यानंतर बदल करायचे, पण ते जतन करायचे नाहीत. चूक झाली, तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप बंद-चालू होतो आणि जुने सेटिंग परत येते. सगळे नीट झाले, तर ‘रीलोड कॅन्सल’ देऊन बदल जतन करायचे. बंद-चालू होताना काही मिनिटे सगळ्यांचे नेटवर्क जाते, म्हणून हे काम दवाखान्याच्या ओपीडीच्या वेळेत करू नये.

सुरक्षा आणि घड्याळ

गेटवे दिला की स्विच दुरून दिसू लागतो, आणि नको त्या व्यक्तीलाही दिसू शकतो. कारखान्याचा पासवर्ड लगेच बदलावा. टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा जातो, म्हणून ते बंद ठेवून एसएसएच वापरावे. ठरावीक पत्त्यांवरूनच स्विच उघडेल अशी मर्यादा घालावी आणि तो थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये.

बाहेरच्या सर्व्हरवरून घड्याळ लावायला आणि नोंदी दुसरीकडे पाठवायलाही गेटवे लागतो. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सरकारी संस्था आणि कंपन्यांना आपल्या यंत्रणांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला आणि नोंदी १८० दिवस जपायला सांगितले आहे. घड्याळ चुकीचे असेल, तर बिघाड कधी झाला हे नोंदींवरून सांगता येत नाही.

काही नेहमीचे प्रश्न

स्विचला गेटवे दिल्याने इंटरनेटचा वेग वाढतो का?
नाही. संगणकांची वाहतूक या सेटिंगवर अवलंबून नसते.

स्विचला डीएचसीपीने पत्ता दिला तर चालेल का?
चालतो, आणि त्यासोबत गेटवेही मिळतो. पण पत्ता बदलू नये म्हणून राउटरवर तो त्या स्विचच्या नावे राखून ठेवावा. अन्यथा हाताने दिलेला पत्ता बरा.

एका स्विचला दोन डिफॉल्ट गेटवे देता येतात का?
लेयर २ स्विचवर सहसा एकच चालतो. नवा दिला की जुना जातो.

पत्ता विसरला तर?
कन्सोल केबल जोडून बघता येतो. ती सोय नसेल, तर रीसेट बटण दाबून कारखान्याचे सेटिंग आणावे लागते, पण मग आधीचे सगळे सेटिंग जाते.

नोंदवही ठेवा

प्रत्येक स्विचसाठी कार्यालयाच्या नोंदवहीत एक पान असावे. स्विच कोणत्या खोलीत आहे, त्याचा आयपी पत्ता, मास्क, गेटवे, व्हीलॅन, राउटरकडे जाणारा पोर्ट आणि शेवटचा बदल कोणत्या तारखेला झाला, एवढे त्यात पुरते. पासवर्ड त्या पानावर लिहू नये. कर्मचाऱ्यांच्या बदल्या होतात, कंत्राटदारही बदलतात. नवीन माणूस रुजू झाल्यावर हे पान समोर असले, तर स्विचपर्यंत पोहोचायला त्याला घाट चढून यावे लागत नाही.